पहाटेचे तास

चिलेक्वाची सही तेवढी बाकी होती. तांब्याच्या भट्टीचा गंधकवायू वस्तीवर कुठे आणि कधी उतरेल ते सांगणारं संगणकाचं मॉडेल त्याने तपासलं होतं. ते पास झालं की वस्तीतला भोंगा मॉडेलच्या इशाऱ्यावर वाजणार होता, आणि भोंगा वाजला की लोकांनी घरात शिरायचं, खिडक्या लावायच्या.

"आकडे जुळले ना, बिबट्या?" दारातून कापाम्ब्वेने विचारलं. तो साहेब असला तरी बकरीच्या कुळातला, त्यामुळे रीतीप्रमाणे चिलेक्वासारख्या बिबट्याच्या कुळातल्या माणसाची थट्टा हा त्याचा हक्क. चिलेक्वाच्या बायकोला, म्वापेला, माती देतानाही त्याने तो सोडला नव्हता.

"जुळले. मोजलेला सर्वांत मोठा आकडा मॉडेलच्या सर्वांत मोठ्याशी, दुसरा दुसऱ्याशी."

"मग? पद्धत तीच आहे."

"वेळ जुळत नाही, बा कापाम्ब्वे. मॉडेल म्हणतं दुपारी. वस्तीतल्या मोजणीच्या यंत्रावर वायू दिसतो तो पहाटे, गारठ्यात, वारा पडलेला असताना."

"वेळ कोण बघतं? चिमणीच्या मंजुरीला आकडा पुरतो."

"चिमणीला पुरतो. भोंग्याला नाही."

कापाम्ब्वे आत आला. "बायको गेली म्हणून बोलतोयस."

"ती पहाटे अंगणात शेगडी पेटवत होती. म्हणूनच मी तास बघितले. पण तास खरे आहेत."

"बिबट्या असून गवत चघळत बसलायस," म्हणत कापाम्ब्वेने कागद उचलला. "थंडीआधी भोंगा सुरू व्हायचाय. सही दुसरा कोणी करील."

संध्याकाळी चिलेक्वा शेजारच्या बाना लुबोन्डोकडे, म्हणजे लुबोन्डोच्या आईकडे, गेला. "ऊन अंगणात येईपर्यंत बाहेर शेगडी पेटवू नका, बाई."

"अहो, आता भोंगा येतोय ना? तो सांगेल."

"तो दुपारी सांगेल."

"आणि पोरं चहाशिवाय शाळेत जातील?"

"आमची विजेची शेगडी घेऊन जा."

"वीज पण तुम्हीच आणून देणार वाटतं!" ती हसली. "बसा, मक्याचा न्शिमा झालाय, जेवूनच जा."

"घरी केलाय," तो खोटंच म्हणाला.

थंडी पडली, भोंगा लागला. पहिल्याच गारठलेल्या पहाटे भोंगा गप्प होता आणि चिलेक्वाचा घसा जळत होता. तो उठला, नाकाला फडकं बांधलं आणि दारं ठोठावत निघाला. "आत जा! खिडक्या लावा!" काहींनी लावल्या. बाना लुबोन्डोने शिव्या देत शेगडीवर राख लोटली आणि पोरांना आत ओढलं. कोणी तरी मागून ओरडलं, "म्हातारं बिघडलंय!"

तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परतला. फक्त एक दार त्याने ठोठावलं नव्हतं, स्वतःचं. तिथे आत कोणी नव्हतं.