उरझोबाचा मान

"तू स्वतःच पाठ फिरवून निघून गेलास, त्यात माझी काय चूक?"

"पाठ फिरवायचीच असते रे येड्या! ठेवलं की फिरायचं, सरळ घरी यायचं. मागं बघायचं नाय. तुला घरात एवढं पन शिकवलं नाय कोनी?"

"घरावर जाऊ नकोस हां, दीपेश. स्क्रीनवर लिहिलं होतं, थांब म्हणून."

"इंग्लिशमध्ये लिवलेलं!"

"मग गेमच इंग्लिशमध्ये आहे ना!"

मी प्रणितची खुर्ची लाथेनं ढकलली. चाकाची खुर्ची, गेली त्याच्यासकट थेट भिंतीपर्यंत. कॅफेतली पोरं हसली. ती हसली म्हनून माजं डोकं अजून फिरलं. काउंटरवरून शिवादादा ओरडला, "ए दीप्या, खुर्ची तुटली ना, तर तुज्या काकाच्या डंपरची सीट काढून आनून ठेवीन हितं."

शिवादादाचं नेट कॅफे पनवेलात उरण नाक्याच्या मागं हाय, पयल्या माळ्यावर, खाली सुकटबोंबलाचं दुकान. वर एसी लावलाय पन वास येतोच. सकाळी मी दादूकाकाच्या डंपरवर क्लिनर असतो. द्रोणागिरीला भरावाची माती टाकायची, पळस्प्याला डिझेल भरायचं, दुपारी मोकळा. शाळा नववीत सोडली. मास्तर बोलला, "तुम्हाला शिकून काय करायचंय, जमिनी आहेत ना तुमच्या." मी डस्टर फेकला. लागला नाय, पन शाळा सुटली. आनि आमची जमीन आजोबानेच इकलेली, ते मास्तरला कुटं म्हाईत.

तर गेम. तिचं नाव इंग्लिश आनि लांबलचक, आमी तिला मढ्याची गेम बोलतो. तिच्यात नदीच्या अलीकडं सगळं हिरवंगार, गावं, बाजार, घोडे. नदी ओलांडली की नुस्ती राख. त्या मुलखात मेलेली मानसं उठून चालतात. मारलं तर पडतात, थोड्या वेळानं परत उठतात. झाडांना पानं नाय. विहिरीत वाकून बघितलं तर आतून कोनतरी वर बघतं. घरांत चुली पेटलेल्या आनि भोवती हाडं बसलेली, आत्ता कोनी वाढनार असल्यागत. आमची पाच जनांची टोळी. नदी ओलांडायच्या आदी आमी काठावर एक भाकर ठेवतो. मंजे गेममध्ये ती पावच हाय, आमी तिला भाकर बोलतो. तिचा गेममध्ये काय उपयोग नाय. पन येशीवर ठेवल्याबिगर कोनी पलीकडं पाय टाकत नाय. हे मी चालू केलं. मी.

त्या मुलखाचा देव ऊर्झ. मरनाचा देव. हितेशने पयल्याच दिवशी त्याचा उरझोबा केला. हितेश माज्या गावचा, जिभेला हाड नाय त्याच्या. उरझोबा कोनाला मारत नाय, मेलेल्यांना सांभाळतो. प्रत्येक टोळीत तो एकालाच पुजारी करतो. पुजाऱ्याला काळा झगा मिळतो, मढी त्याला हात लावत नाय, उलट तो चालला की वाट सोडून उभी राहतात, मान खाली घालून. पुजारी नसंल तर पलीकडच्या किल्ल्याचं दार उघडत नाय. आनि किल्ल्याचं दार पनवेलात अजून कोनीच उघडलेलं नाय.

पुजारी व्हायला उरझोबाच्या दगडावर मेलेल्या राजाचा मुकुट ठेवायचा. तो राजा मी एकट्यानं मारला. डंपर गॅरेजला होता तेवढे सगळे दिवस मी त्याच्या मागं होतो. बाकीचे बोलले, सोड रे, होत नाय. झालं. मुकुट माज्या हातात. मी दगडावर ठेवला, वळलो आनि पायऱ्या उतरलो.

आता हे कोनाला सांगायचं? लहानपनी घरात कोन आजारी पडलं की आई भात, लिंबू, गुलाल पानावर ठेवायची, अंगावरनं उतरवायची आनि मला तिठ्यावर पाठवायची. "ठेव आनि सरळ घरी ये. कोनी हाक मारली तरी मागं बघू नको." देवाचं असो का भुताचं, ठेवलं की ते त्याचं. आपन उभं राहून बघायचं नसतं, तो काय हाटेलातला गिऱ्हाईक हाय? माजा हात माऊसवर आपोआप फिरला. मला इचार पन करायला लागला नाय.

प्रणित माज्या मागनं येत होता. रोडपालीच्या सेक्टरात राहतो, अकरावी सायन्स, चष्मा शर्टाला पुसतो. तो दगडापाशी उभा राहिला. उरझोबा उठला, बोलला, माज्यासमोर कोन उभा हाय? प्रणितने वाचलं आनि बटन दाबलं.

बस. झगा त्याला.

"मुकुट माजा होता," मी त्याला भिंतीपाशी जाऊन बोललो.

"मला वाटलं तुला नको आहे. तू गेलास ना. बदलता येत असतं तर दिलं असतं, आईशप्पथ. बदलता येत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचाच जास्त राग आला.

आमच्या घरात मान काय असतो ते पोरगं चालायला लागायच्या आदी शिकतं. गावदेवीच्या पालखीला पयला खांदा कृष्णकांत पाटलांच्या भावकीचा. आमचा दुसरा. दुसरा मंजे काय, पालखी उठल्यावर. दरवर्षी माजा बाप पालखी निघाली की दात खातो, आनि तरी पयल्या रांगेत नवा सदरा घालून उभा राहतो. मी बापाला हसायचो. आता हसत नाय.

त्या दिवसापासून प्रणित पुजारीबुवा झाला. हितेशने नाव ठेवलं आनि ते चिकटलं. "या पुजारीबुवा, बसा." खिडकीजवळचं मशीन, ज्याचा माऊस अडकत नाय, ते शिवादादा त्याच्यासाठी राखून ठेवायला लागला. वडापाव आले की पयला त्याला. बारकी पोरं त्याच्या खुर्चीमागं उभी राहून बघायची, मढी कशी वाट देतात ते. मी शेजारच्या मशीनवर, माज्यामागं कोन? एसीचं पानी पडायची बादली.

मी बघत बसायचो. त्याची नखं कापलेली. तो टाइप करताना खाली बघत नाय. कोनी काय इचारलं तर चिडत नाय, परत सांगतो. आनि चालताना तो मढ्यांकडं बघत पन नव्हता! ती मान खाली घालून उभी आनि हा कोपऱ्यातला नकाशा बघतोय. मी असतो तर एकेकाच्या तोंडाकडं बघत गेलो असतो. सावकाश.

एक दिवस त्यानेच मोठ्यानं वाचून दाखवलं. "ऐका रे. किल्ल्याच्या दारात पुजारी मंत्र म्हणतो तेव्हा झग्याची ताकद जाते. तेव्हा मढी त्याच्यावर येणार. कोणीतरी पुढे उभं राहून अडवायचं."

"आनि तू मेलास तर?" हितेशने इचारलं.

"मग मी परत येत नाही. मीच मढं होऊन तिथे फिरणार. आणि झगा ज्याच्या सगळ्यात जवळ पडेल त्याला."

मी पानी पीत होतो. बाटली खाली ठेवली.

"पुढं कोन उभं राहील?" काशिराम बोलला. काशिराम आनि शिवाचा भाचा आदेश, टोळीतले बाकीचे दोघं.

प्रणित माज्याकडं बघून बोलला, "दीपेशच. त्याच्यासारखी तलवार कोणाची चालत नाही इथे."

हितेश बोलला, "बुवा, हा तुमच्यावर जळतो. याला पुढं ठेवू नका, पाठीमागं पन ठेवू नका."

"गप रे," प्रणित हसून बोलला. "भांडतो, पण खेळात दगा नाही देणार."

हे असं बोलायची काय गरज होती त्याला? मला दोन दिवस तेच ऐकू येत होतं. डंपरमध्ये, माती खाली करताना. दादूकाका बोलला, "काय रं, पाटी उचलायला सांगतोय तं दात काय खातोस?"

रविवारी दुपारी निघालो. भाकर ठेवली, नदी ओलांडली. प्रणित पुढं, मढी बाजूला, आमी चौघं त्याच्या मागनं वरातीसारखे. कॅफेतले सगळे आपापल्या मशीनवरनं उठून आलेले. शिवादादा पन काउंटर सोडून उभा. किल्ला आला. दार मंजे नुस्तं काळं, त्याच्यावर हाडांच्या कड्या. प्रणितने मंत्र चालू केला. झगा फिका पडला, राखेसारखा.

मढी वळली.

एवढी मढी मी कंदी बघितली नव्हती. विहिरींतली पन आली, चुलीपाशी बसलेली पन. मी पुढं उभा. तलवार अशी चालत होती की मागं पोरं ओरडायला लागली, दीप्या! दीप्या! खरंच बोलतो, तेवढा वेळ मी झगाबिगा सगळं इसरलो होतो. हितेश उजवीकडं, काशिराम आनि आदेश डावीकडं, मधी मी, माज्यामागं प्रणित. दारावरची एक कडी निघाली. दुसरी निघाली.

मग एक बारकं पोरगं मागनं बोललं, "पुजारीबुवा लय भारी! बघ कसं दार उघडतोय."

पुजारीबुवा! तो नुस्ता बटन दाबून बसलेला. मढी कोन अडवतंय?

मी एक पाऊल डावीकडं सरकलो. एकच. मी त्याला मारलं नाय, तलवार लावली नाय. जागा सोडली. एक मढं आत गेलं, त्याच्यामागं दुसरं, मग रांगच.

"दीपेश, मध्ये ये! मध्ये ये ना!" प्रणित ओरडला. मी माऊस हलवला नाय. त्याने मान वळवून माज्या हाताकडं बघितलं. स्क्रीनकडं नाय, हाताकडं. मंत्र तुटला, तो पडला, दाराच्या कड्या परत लागल्या. झगा जमिनीवर, माज्या पायापाशी. मी सगळ्यात जवळ होतो.

मढी थांबली. मान खाली घातली. माज्यासाठी.

कॅफेत कोनीच ओरडलं नाय. थोड्या वेळानं प्रणितचा मानूस राखेतनं उठला, डोक्यावर त्याचं नाव तसंच, आनि बाकीच्या मढ्यांत जाऊन उभा राहिला.

"झालं तुजं?" हितेश बोलला.

"दार मी उघडतो आता," मी बोललो. "या, परत मढी अडवा, मी मंत्र चालू करतो."

काशिरामने मशीन बंद केलं. आदेशने पन. हितेश खुर्ची सरकवून उठला. "तूच अडव आनि तूच म्हन, रं. तुला कोनाची गरज हाय?"

प्रणितने चष्मा पुसला, बॅग उचलली, गेला. मला वाटलं, आता येत नाय हा.

आला. दुसऱ्याच दिवशी. नवा मानूस बनवला, पांढरे कपडे, हातात लाकडाची काठी, पयल्या गावात उंदीर मारत बसला. उंदीर! आनि हितेश त्याच्या शेजारी. काशिराम, आदेश, तिघांनी आपले जुने, तगडे मानूस सोडले आनि त्याच्यासोबत नव्याने चालू केलं. बारकी पोरं त्यांच्या खुर्च्यांमागं.

माज्याकडं झगा हाय. मी रोज नदी ओलांडतो, एकटाच. मढी वाट देतात, मी एकेकाच्या तोंडाकडं बघत जातो, सावकाश, जसं पायजे होतं तसं. दारापर्यंत जातो. मंत्र चालू केला तर पुढं उभं राहायला कोन नाय, म्हनून परत येतो. खिडकीजवळचं मशीन शिवादादाने मला दिलं, इचारल्यावर. "बस," बोलला, एवढंच. पुजारीबुवा कोनी बोलत नाय. दीप्याच बोलतात.

काल मी हितेशला बोललो, "एकदा ये की रे. दार उघडंल, पनवेलात पयली आपली टोळी." तो बोलला, "थांब ना, बुवाला तलवार घ्यायचीय आज." अजून त्यालाच बुवा बोलतात! अंगावर झगा नाय, हातात काठी, उंदरांनी दोनदा मारलेला, आनि बुवा!

आता पन तिकडं बसलेत चौघं जन. प्रणित काय तरी बोलला आनि सगळे हसतायत, आदेश तर टेबलावर डोकं ठेवून हसतोय. काय बोलला ते हितपर्यंत येत नाय. माज्यासमोर स्क्रीनवर एवढी मढी मान खाली घालून उभी हायत आनि मी त्या कोपऱ्यात कान लावून बसलोय. उंदरात एवढं काय हसन्यासारखं असतं? मी उठून इचारनार होतो. अर्धा उठलो पन होतो, आनि प्रणितने वळून माज्याकडं बघितलं, जागा करून द्यायला खुर्ची थोडी सरकवली, का मला तसं वाटलं, काय म्हाईत, कारन तेवढ्यात खाली दादूकाकाने हॉर्न दाबून धरला. आज दुपारची पन एक खेप हाय, गाडी भर रस्त्यात लावलीय त्याने, मागं रिक्षावाले शिव्या घालतायत. निघतो मी, जायलाच पायजे आता.