बेकरीची गल्ली

बातमी आली तेव्हा मिस्त्री परांचीवर होता. दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर चाललं होतं. फोन शाळेच्या क्लार्कचा होता. बाई जिन्यात पडल्या, दवाखान्यात नेलं, पण पोचायच्या आधीच संपलं, असं तो म्हणाला. मिस्त्रीने "बरं" म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि घमेल्यातला उरलेला माल भिंतीला लावला. थापी फिरवून कड नीट केली. मग खाली उतरला. कालवलेला माल टाकायचा नाही, ही चाळीस वर्षांची सवय. पुढे मेहुणी चारचौघांत म्हणाली, "बायको गेली तिकडे, नि हा इकडे भिंत सारवतोय." खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात शाळेची दोन मुलं दारात आली. एक मुलगी, तिला सगळे मोजणी म्हणायचे. दुसरा तिच्या वर्गातला, उंच, त्याचं नाव शिडी. मोजणीच्या हातात जाड वही होती.

"काका, बाईंचा नकाशा अडलाय," शिडी म्हणाला.

नकाशा मिस्त्रीला ठाऊक होता. त्याचं लाकडी टेबल त्यानंच जोडून दिलं होतं. शाळा सुटल्यावर बाई नकाशा मंडळ चालवायच्या. वर्षाला एक-दोन रस्ते मोजायचे आणि तळमजल्याच्या खोलीतल्या टेबलावर प्लास्टरमध्ये उठवायचे. अकरा वर्षांत निम्मं गाव उभं राहिलं होतं. मोजायचं ते पावलांनी, तेही फक्त बाईंच्या. बाई पुढे चालायच्या, पोरं मागून मोठ्यानं मोजायची. दहा पावलांना एक बोट, असा हिशेब.

एकदा मिस्त्रीने विचारलं होतं, "अगं, टेप का नाही घेत?"

"अहो, टेप कपाटात, नि कपाटाची किल्ली शिपायाकडे. पाय आपले आपल्याकडे असतात."

"मग पोरांना चालू दे की."

"त्यांचे पाय दर वर्षी लांब होतात. माझे वाढायचे कधीच थांबले."

आता शनिवारी पालक शाळा बघायला येणार होते. हेडसरांनी मुलांना सांगितलं होतं, नकाशा पुरा दिसला पाहिजे. नाहीतर टेबल हलवा, खोलीत खुर्च्या ठेवायच्या आहेत.

"मग अडलंय कुठे?"

शिडी हसू दाबत म्हणाला, "बेकरीची गल्ली दवाखान्याच्या रस्त्याला मिळायला हवी ना, ती रस्ता ओलांडून सरळ आत घुसलीये. पाव थेट पेशंटच्या उशाशी! हिनं मोजलेली."

"चारशे साठ होती," मोजणी खाली बघत म्हणाली. "मी चुकले असेन. बाई आता परत चालणार नाहीत."

"चुकलीच आहेस. सहा बोटं जास्त!"

"गप रे," मिस्त्री म्हणाला. त्याला खरं तर दोघांनी जावं असं वाटत होतं. सकाळी उठलं की संध्याकाळ कधी होते याची वाट बघायची, एवढंच चाललं होतं. पण मुलगी वही छातीशी धरून तशीच उभी होती. तो म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो छिन्नी, हातोडी, घमेलं आणि प्लास्टरची पिशवी घेऊन शाळेत गेला. खोलीत ओल्या चुन्याचा वास होता. टेबलावर गाव पसरलं होतं, आणि बेकरीची गल्ली खरोखरच दवाखान्याच्या आवारात शिरली होती. काम सरळ होतं. जास्तीचा तुकडा फोडायचा, गल्ली नव्याने घालायची.

"किती ठेवू?" त्याने विचारलं.

"तेच तर कळत नाही," मोजणी म्हणाली. "तुम्ही रोज बाईंबरोबर चालायचात ना? तुम्ही बाईंसारखं चालून दाखवा. मी मोजते."

मिस्त्रीने खोलीत चार पावलं टाकली. मग थांबला. बाईंचं पाऊल केवढं होतं? तीस वर्षं तो रोज सकाळी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून कामावर गेला. कधी तिच्या पायांकडे बघितलं नव्हतं.

"वही दे," तो म्हणाला.

प्रत्येक पानावर वर सोमवारची तारीख आणि खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ. घर ते फाटक, ११४०. पुढच्या सोमवारी परत ११४०. पानामागून पान तेच.

"हे काय गं?"

"ते बाई नेहमी लिहायच्या. आम्ही नाही बघत ते. तारखेसारखंच असतं."

मिस्त्रीने पानं उलटली. मागच्या वर्षापर्यंत ११४०. मग ११५२. मग ११८०. १२३६. बेकरीची गल्ली ज्या आठवड्यात मोजली, त्या पानावर १३११.

तो स्टुलावर बसला. घर हललं नव्हतं, फाटक हललं नव्हतं. तो रोज तिच्या शेजारीच होता. अलीकडे वेळ जास्त लागतो हे त्याला कळलं होतं. पण त्याला वाटायचं, आपलंच वय झालं, आपले गुडघे गेले, बिचारी आपल्यासाठी हळू चालते. एकदा तसं बोललाही होता. ती नुसती हसली होती.

मोजणी त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिने पेन्सिल काढली, वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, परत केला आणि ओरडलीच, "काका! चारशे! गल्ली चारशेच आहे! मी बरोबर मोजलं होतं, बाईंची पावलंच लहान..."

आणि ती तिथेच थांबली. पेन्सिल तशीच हातात. शिडीने एकदा तिच्याकडे, एकदा मिस्त्रीकडे बघितलं. दुसरं काही सुचेना म्हणून तो पाणी आणायला गेला.

"आम्ही मागून चालायचो," मोजणी हळूच म्हणाली. "आम्हाला पण नाही कळलं."

"तू मोजायचं काम केलंस," मिस्त्री म्हणाला. "बरोबर केलंस."

शिडीने पाणी आणलं. मिस्त्रीने घमेल्यात प्लास्टर कालवलं. चाळीस बोटांवर पेन्सिलने रेघ मारली. रेघेच्या पलीकडे सहा बोटं. त्याने छिन्नी रेघेवर धरली आणि हातोडी उचलली.

दारात हेडसर आले. "वा, मिस्त्री! बरं झालं तुम्ही आलात. एका घावाचं काम, नाही का?"

"हो."

"मग होऊन जाऊ द्या."

ते गेले. मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. परत उचलली. त्या सहा बोटांवर मुलांनी बेकरीच्या मागची तीन घरं रंगवली होती, एकाच्या खिडकीला हिरवा पडदा होता. घमेल्यातलं प्लास्टर आधी दह्यासारखं झालं, मग खडूसारखं, आणि मग त्यावर बोट वाजलं.

"काका, माल वाया गेला," शिडी म्हणाला.

"जाऊ दे."

शनिवारी पालक आले. नकाशाभोवती गर्दी झाली. कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं, "अहो, ही गल्ली दवाखान्यात कशी शिरली? मोजायला चुकलं वाटतं?"

"मोजणं बरोबर आहे," मोजणी म्हणाली.

हेडसरांनी आणखी पंधरा दिवस दिले. मिस्त्री रोज दुपारी खोलीत जातो, स्टुलावर बसतो, मुलं पुढचा रस्ता कुणाच्या पावलांनी मोजायचा यावर भांडतात ते ऐकतो. छिन्नी टेबलाखाली आहे. रेघ मारलेली आहे. बेकरीची गल्ली फोडायची राहिली आहे.