दोन्ही बाह्या डाव्या

नवशिक्यांना कॉम्प्युटर शिकवणं हा माझा धंदा आहे, पण नणंदेला शिकवणं हा धंदा नव्हे, शिक्षा आहे. वर्गातल्या आजोबांशी मी गोड बोलते, चुकले तरी शाबासकी देते. घरी मात्र माझं डोकं दोन मिनिटांत फिरतं, आणि वन्संचं त्याच्याही आधी.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. शिवणाच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर त्यांचं आयुष्य गेलं. थरावर थर रचलेलं कापड अशा कापतात की बघत राहावं. पण मालकांनी आता कापायचे नमुने कॉम्प्युटरवर काढायचं ठरवलं. शनिवारी ज्याला शर्टाचा नमुना पडद्यावर काढता येईल तो टेबलावर राहील, बाकीच्यांनी बटणं लावायला बसायचं. वन्संना बटणं लावायला बसवणं म्हणजे हेडमास्तरांना घंटा वाजवायला ठेवणं. त्यांना जेवण जाईना.

कारखान्यातलाच प्रोग्राम मी माझ्या कॉम्प्युटरवर घालून घेतला. माऊस त्यांनी तासाभरात आपलासा केला. रेघ सरळ, वळण सुरेख. अडायचं ते एकाच ठिकाणी. बोट बटणावर धरून माझ्याकडे बघायच्या. दाबू का? दाबा. नक्की दाबू? दाबा की. तू नीट बघितलंस ना? प्रत्येक रेघेला हेच. गुरुवारी माझा तोल सुटला. म्हटलं, बटणं लावायची एवढी हौस असेल तर सांगा, सुईत दोरा मी ओवून देते. माझ्या जिभेला हाड नाही.

वन्सं चिडल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी एकदा घाईत थरच्या थर कापले आणि सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. उजवी एकही नाही. अख्खा कारखाना पोट धरून हसला. तेव्हापासून कात्री लावण्याआधी त्या कुणाला तरी हाक मारतात, बघ गं, बरोबर आहे ना.

"कापलेलं परत जुळत नाही गं," त्या म्हणाल्या. "हात धजत नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी त्यांना फक्त बरोबर काढायला शिकवत होते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"आता याची वाट लावा."

त्यांना वाटलं, मी अजून रागातच आहे. शेवटी अर्धवट डोळे मिटून त्यांनी पडद्यावरची बाही मधोमध कापली. चेहरा असा झाला की जणू खरंच तागा वाया गेला. मी कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबायला लावली आणि बाही पुन्हा अख्खी झाली. पुन्हा कापली, पुन्हा परत आली. मग त्यांनी कॉलर उडवली, खिसा पाठीवर नेला, एक हात गुडघ्यापर्यंत लांबवला, आणि बाई हसत सुटल्या. या दोघी एकत्र हसतायत म्हणजे कोणाचं तरी काही खरं नाही, असं समजून नवरा स्वयंपाकघरातून डोकावून गेला.

शनिवारी माझा जीव टांगणीला लागला होता. वन्सं आल्या, चपला काढल्या, पंख्याखाली बसल्या आणि सावकाश पाणी प्यायल्या. मुद्दाम. मग बोलल्या. मालक पाठीमागे उभे होते. सगळा शर्ट निघाला, बाह्या राहिल्या. एक बाही काढली, तिच्यावरूनच दुसरी उमटवली आणि ती उलटी फिरवायची विसरल्या. दोन्ही डाव्या. इतक्या वर्षांनी तीच चूक, आणि तीही मालकांसमोर. पण मालकांच्या आधी ती वन्संना दिसली. दोन बटणं दाबून त्यांनी ती पुसली आणि दुसरी बाही आरशातल्यासारखी फिरवून घेतली. मालक म्हणाले, थोडक्यात वाचलात, मोठी चूक झाली असती.

"मी म्हटलं, चूक झालीच होती. माझी मला दिसली, एवढंच."

टेबल त्यांच्याकडेच राहिलं. नमुना लगेच कागदावर छापून आला, कापडाचे थर रचून तयारच होते. वन्संनी कात्री उचलली तेवढ्यात मालकांनी लांबून हाक मारली, थांबा, मी एकदा येऊन बघतो.

"मग?" मी विचारलं.

"म्हटलं, या की. कापून झाल्यावर."