निळ्यांचा मोडका हंगाम

त्या हंगामात निळ्यांचा चौथा खेळाडू प्लॅस्टरच्या खोलीत आणला गेला, तेव्हा ताईने आधी त्याचा हात पाहिलाच नाही. आधी त्याला झापलं.

"फुटबॉल खेळता की आंधळी कोशिंबीर? परवा तुमचा तो उंच बचाववाला स्वतःच्याच गोलकीपरवर आपटला. एका धडकेत दोन बँडेजं! आणि तू कुठे पडलास?"

"बसच्या पायरीवरून," तो खाली मान घालून म्हणाला.

"सामन्याला जाताना?"

"सामना संपवून येताना. पुढचा माणूस थांबला आणि मी थांबलो नाही."

ताईने कपाळाला हात लावला, आणि हाताला पांढरी भुकटी होती म्हणून कपाळही पांढरं झालं. तेवीस वर्षं ती या हॉस्पिटलात प्लॅस्टर घालत होती. हाडांचे डॉक्टर आले आणि बदलून गेले, ताई आपली तिथेच. सगळं हॉस्पिटल तिला ताई म्हणायचं, आणि सगळं हॉस्पिटल तिच्या तोंडाला वचकून असायचं. त्यात यंदा निळ्यांनी तिच्या रागाला रोज नवं लाकूड पुरवलं होतं. प्लॅस्टरपर्यंत न पोचलेले आणखी सहा जण होते. कुणाचा स्नायू फाटलेला, कुणाचा गुडघा सुजलेला. राखीव बाकावर राखायला कुणी उरलं नव्हतं. अशात टीम तळाला जाणार नाही तर काय! आणि एवढं होऊनही मैदानात दर सामन्याला निळ्यांचा जुना फलक फडकायचाच: 'मोडेन पण वाकणार नाही.'

"वाका रे मेल्यांनो," ताई म्हणायची, "जरा वाकायला शिका. मोडायचं काम खूप झालं."

मैदानात बसून हे ती ज्याच्याजवळ म्हणायची तो तिचा दादा. शेजारच्याच खुर्चीत बसलेला.

या दोन खुर्च्यांचं सांगितलं पाहिजे. दादाचं सलून होतं, बाजाराच्या तोंडाशी, तीन आरशांचं. सहा वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा ताईने डॉक्टरांचं ऐकून तिला हॉस्पिटलात हलवलं. दादा म्हणत होता, घरीच राहू दे, तिला घर सोडायचं नाहीये. अकराव्या दिवशी आई हॉस्पिटलातच गेली. दादाने सगळं खापर ताईच्या डोक्यावर फोडलं, आणि ताईनेही ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून तो तिच्या घरी आला नाही, ती त्याच्या दारी गेली नाही. समोरून आली तर दादा रस्ता ओलांडायचा. पण निळ्यांच्या मैदानावरच्या या दोन खुर्च्या सव्वीस वर्षांपासूनच्या होत्या, आणि भांडण झालं म्हणून खुर्ची सोडायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. मी का सोडू, तिने सोडावी. मी का सोडू, त्याने सोडावी. मग दोघंही येऊन बसायचे. पहिल्या वर्षी नुसतेच बसले. दुसऱ्या वर्षी एका पेनल्टीवरून कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यानंतर बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे एकमेकांवर ओरडणं. पण शिट्टी ते शिट्टी. शेवटची शिट्टी झाली की दादा उठून चालू लागायचा, जणू शेजारी कुणी बसलंच नव्हतं.

ताईला एवढंही पुरत होतं. चारचौघांत ती हे कधी कबूल करणार नाही, पण निळ्यांचा सामना म्हणजे तिचा भाऊ होता. म्हणून दादा जेव्हा म्हणाला की टीम खालच्या विभागात गेली तर मी खुर्ची सोडणार, तेव्हा ती ताडकन त्याच्याकडे वळली.

"शेपूट घालतोस?" ती म्हणाली.

"सलूनमध्ये गिऱ्हाइकं हसतात मला. दाढीला साबण लावून घेतात आणि वर विचारतात, काय, आज कुणाचं हाड मोडलं? आणखी खाली जाऊन कुणाकुणाचे टोमणे ऐकू? शेवटचा सामना जिंकलो तर वाचलो. नाहीतर राम राम."

शेवटच्या सामन्याला तीन आठवडे उरले होते. त्याच दिवशी, दुष्काळात तेरावा महिना, कॅप्टनचा घोटा मोडला.

कॅप्टन चोवीस वर्षांचा होता आणि या टीममध्ये खेळणारा म्हणावा असा तेवढाच होता. ताईने त्याच्या पायाला गुडघ्याखाली प्लॅस्टर घातलं, आणि तिच्या रिवाजाप्रमाणे प्लॅस्टरवर पेनने दोन तारखा लिहिल्या, घातल्याची आणि काढायची. दोन्हींत सहा आठवड्यांचं अंतर. कॅप्टनने दुसरी तारीख वाचली आणि भिंतीकडे तोंड केलं.

शेवटच्या सामन्याच्या आधीचा गुरुवार. दुपारी खोलीच्या दारात कुणीतरी खाकरलं. ताईने वळून पाहिलं तर दादा.

सहा वर्षांनी! तिच्या हातातलं ओलं बँडेज बादलीत पडलं. तिने घाईघाईने एक स्टूल पुसलं. मग तेच स्टूल पुन्हा पुसलं. "बस ना, दादा," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका मऊ निघाला याचाच तिला राग आला. "चहा मागवू?"

"चहा नको," दादा म्हणाला. "यांना आत घे."

त्याच्या मागून क्लबचा सेक्रेटरी आत आला, दादाच्या सलूनचं जुनं गिऱ्हाईक. आणि त्याच्या मागून, कुबड्या घेऊन, कॅप्टन. ताईने पुसलेल्या स्टुलावर सेक्रेटरी बसला.

"काम पाच मिनिटांचं आहे," दादा म्हणाला. "हे काढून टाक."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"डॉक्टर नाही म्हणतात," सेक्रेटरी गोड हसत म्हणाला. "डॉक्टर नेहमीच नाही म्हणतात हो. आम्ही घट्ट पट्टी बांधू, दुखू नये म्हणून सुई देऊ. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

"मग तुमचा पाय द्या ना. तुम्हीच खेळा अर्धा तास."

"ताई, मला आता दुखत नाही," कॅप्टन म्हणाला.

"प्लॅस्टरमध्ये आहे म्हणून दुखत नाही, बाळा. आतलं हाड अजून कच्चं आहे. काढलं आणि पळलास तर आधी मोडलं होतं त्याच्या दुप्पट मोडेल."

"मी काय सांगतो ते ऐक," दादा मध्येच म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आईच्या वेळी डॉक्टरांचं ऐकलंस. आई गेली. आता टीमच्या वेळीही डॉक्टरांचंच ऐक. तुला सवयच आहे."

ताईला वाटलं, दोन पावलं पुढे जाऊन याच्या थोबाडीत द्यावी. मग वाटलं, प्लॅस्टर कापायची करवत उचलावी आणि द्यावं काढून, निदान हा उद्या आपल्याला ओळख तरी देईल. ती करवतीपर्यंत गेलीसुद्धा. करवत उचलून तिने कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

"सहा वर्षांनी बहिणीची आठवण झाली," ती म्हणाली, "तीही दुसऱ्याचा पाय मोडायला. चालता हो."

रविवारी दुपारी मैदान भरलं होतं. दादा आधीच येऊन बसला होता आणि गालातल्या गालात हसत होता. ताईला ते हसू अजिबात आवडलं नाही. एवढ्यात लाउडस्पीकरवर राखीव खेळाडूंची नावं आली, शेवटचं नाव कॅप्टनचं आलं, आणि सगळं मैदान उभं राहिलं. ताई बसूनच राहिली.

"कुणी काढलं?" तिने विचारलं.

"मी," दादा म्हणाला.

"तू?"

"काल सलून लवकर बंद केलं. केस धुवायच्या बेसिनमध्ये पाय ठेवला त्याचा. गरम पाणी, व्हिनेगर, दोन तास. मऊ झालं की कापलं मोठ्या कात्रीने. सोपं असतं की! तूच सांगितलं होतंस."

सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, मध्यंतरात, कंटाळा आला म्हणून, एका वेड्या पेशंटने घरच्या बादलीत पाय बुडवून प्लॅस्टर कसं काढलं त्याची गंमत तिने दादाला सांगितली होती. दादा तेव्हा पोट धरून हसला होता. त्याला हसवलं म्हणून ती आठवडाभर खुशीत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती उठली आणि तडक पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेली. "त्याला उतरवू नका!" ती निळ्यांच्या कोचवर ओरडली. "हाड जुळलेलं नाही! ऐकताय का?" कोचने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. मागून लोक ओरडू लागले. बसा हो मावशी. त्या पलीकडच्या टीमच्या आहेत वाटतं. ए, हिला बाहेर काढा. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती तिच्या खांद्याला लागली. सव्वीस वर्षं ज्या लोकांबरोबर ती ओरडली होती, तेच लोक आता तिच्यावर ओरडत होते. रखवालदाराने दंडाला धरून तिला वर आणून बसवलं. दादाने तिच्याकडे पाहिलंही नाही.

सत्तराव्या मिनिटाला, बरोबरी असताना, कॅप्टन आत आला.

आणि खोटं कशाला बोला, त्या सहा मिनिटांत निळे टीमसारखे दिसले. कॅप्टनने एकच पास असा दिला की चेंडू तीन जणांच्या मधून गेला आणि गोलच्या खांबावर आदळून परत आला. दादा खुर्चीवर चढला. ताईच्याही तोंडून आरोळी निघून गेली, नंतर तिला तिची लाज वाटली, पण निघाली खरी. मग चेंडू मागे आला, कॅप्टन वळला. जवळपास कुणी नव्हतं. कुणी त्याला हात लावला नाही, पाय लावला नाही. तो नुसता वळला आणि खाली बसला, आणि त्याचं पाऊल भलतीकडे पाहत होतं.

बदली खेळाडू संपले होते. दहा जणांनी पंधरा मिनिटं कशीबशी काढली आणि शेवटी गोल खाल्ला. निळे खालच्या विभागात गेले. लोक शिव्या देत उठले, आणि आता म्हणत होते, मोडक्या पोराला उतरवलंच कशाला, अक्कल आहे का कोचला! ताईने ते ऐकलं आणि दात आवळले. तिचा फोन वाजत होता. रविवारी ऐनवेळच्या कामाला बोलावणं आलं की तिलाच जावं लागायचं.

मैदानापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर. ती झपाझप चालली. मागे कुणाचीतरी पावलं वाजत होती. ती थांबली नाही आणि वळलीही नाही.

डॉक्टरांनी भूल देऊन पाऊल सरळ करून बसवलं. "ऑपरेशन लागेलच, सूज उतरली की," ते म्हणाले. "पुन्हा पूर्वीसारखा पळेल का, आत्ता सांगता येत नाही. तोवर मागून अर्धं प्लॅस्टर घाला. मदतनीस कुठे आहे?"

"रविवारी नसतो."

"मग पाय कोण धरणार? मला दुसरा पेशंट आहे."

ताईने दाराकडे पाहिलं. दादा तिथे भिंतीला चिकटून उभा होता, तोंडावरचा रंग उडालेला.

"भाऊ आहे माझा," ती म्हणाली. "तो धरेल."

"मला नाही जमायचं," दादा म्हणाला.

"काढायला जमलं ना? आत ये. हात धू. कोपरापर्यंत धू, हे सलून नाही." तिने त्याचा एक हात कॅप्टनच्या गुडघ्याखाली दिला आणि दुसऱ्याची बोटं पायाच्या अंगठ्याला धरायला लावली. "असाच काटकोनात ठेवायचा. केसभरही इकडेतिकडे नको. केस तुला कळतात."

दादाने धरला. पायाला अजून व्हिनेगरचा वास होता. घोटा सुजून काळानिळा झाला होता आणि बोटं गार होती. ताईने कापूस गुंडाळला, प्लॅस्टरचे पट्टे पाण्यात बुडवून निथळवले, पायामागे बसवले आणि तळहाताने दाबून सारखे केले. तिचे हात सवयीने भराभर चालत होते. दादाने सुटू पाहणारा अंगठा दोनदा सावरला.

कॅप्टनने डोळे उघडले. "ताई, गेलो का आपण खाली?"

"गेलो."

तो रडायला लागला. मोठ्याने नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी कानांकडे जात राहिलं. मग पाय धरणाऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं. "दादा, तुम्ही येणार ना पुढच्या वर्षी? मला वेळ लागेल. पण मी येईन परत."

दादाने ताईकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, शेवटची शिट्टी होऊन दोन तास उलटल्यावर.

"ही बसू देईल शेजारी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तर येईन."

"तोंड बंद ठेव," ताई म्हणाली. "पाय हलतोय."