आतल्या बाजूच्या भेगा

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असते तर जुना म्हटलेच नसते आणि तिथेच फसला असता. माझी नक्षी अजून खोल आहे, रंग काळाभोर आहे. पण दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

माझा स्वभाव संशयी आहे. कोणी माझ्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवला की मला वाटते, याला काय लपवायचे आहे? हा स्वभाव मी जन्मतः आणला नव्हता. कारखान्याच्या गरम साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी अगदी साधाभोळा होतो. तिथे एक तपासनीस बाई होती. ती प्रत्येक टायर फिरवून आतून-बाहेरून चाचपायची. कुठे फुगवटा नाही ना, कुठे तार वर आली नाही ना, ते बघायची. हिचा कोणावरच विश्वास कसा नाही, असे मला वाटायचे. आता कळते, माझी खरी काळजी तिनेच घेतली.

पुढे मला आणि माझ्या तीन भावांना अठरा इंची चाकांवर चढवले आणि एका वेगवान गाडीला लावले. गाडीचा मालक हौशी माणूस. त्याला मी मामाच म्हणतो, कारण नंतर ज्या मुलीकडे मी गेलो तिचा तो सख्खा मामा. ते माझे सुखाचे दिवस होते. आम्ही वळणावर रस्ता असा धरून ठेवायचो की मामा खूश होऊन स्टीअरिंगवर थाप मारायचा. मग त्याची पाठ धरली. डॉक्टरांनी ती बुटकी, कडक गाडी बंद करायला सांगितली. मामाने गाडी विकली, पण चाके काही विकवेनात. त्याने आम्हाला गॅरेजच्या भिंतीवर टांगले.

मी खिडकीशेजारी होतो. दर रविवारी मामा आम्हाला काळे पॉलिश चोळायचा आणि येईल त्याला दाखवायचा, "बघा, फारसे पळलेलेच नाहीत. नवे आहेत नवे!" न पळालेला टायर नवा राहतो, अशी माणसांची समजूत असते. ती साफ चुकीची आहे. रबर उभ्या उभ्या म्हातारे होते. खिडकीतले ऊन वर्षानुवर्षे माझ्या एकाच बाजूवर पडत राहिले आणि त्या बाजूला बारीक भेगा पडल्या.

एका रविवारी मामाचे नख त्या भेगेत गेले. त्याने हात मागे घेतला आणि दाराकडे वळून बघितले, कोणी पाहत तर नाही ना. त्याच क्षणी माझ्या मनात पाल चुकचुकली. आठवडाभरात तो मला टायरवाल्याकडे घेऊन गेला.

"हा उलटा बसवा. ही बाजू आत जाऊ दे."

"साहेब, टाकून द्या की," टायरवाला म्हणाला.

"अहो, शोभेलाच तर ठेवायचाय!"

टायरवाल्याने खांदे उडवले आणि मला उलटा बसवला. माझ्या जन्माची तारीख त्याच बाजूवर कोरलेली, तीही आत गेली. बाहेर राहिली ती धडधाकट बाजू. मामाने तिला दुप्पट पॉलिश चोळले.

मामाची भाची दातांची डॉक्टर. तिने स्वतःच्या कमाईची वेगवान गाडी घेतली आणि तिला मोठी चाके हवीशी झाली. नवी परवडेनात, म्हणून ती जुनी शोधू लागली. विकणाऱ्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. दात तपासायचा छोटा आरसा ती पर्समध्ये घेऊन जायची आणि चाकाच्या आतल्या बाजूला धरून बघायची. कितीतरी विक्रेत्यांची लबाडी त्या आरशाने उघडी पाडली. शेवटी तिची आई म्हणाली, "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुझ्या मामाकडे पडलीत ना!"

सगळे गॅरेजात आले. भाचीचे बाबा म्हणजे संशयाचा अर्क. भाजीवाल्याकडचा मटारसुद्धा सोलून बघणारे. ते म्हणाले, "आरसा आणलायस ना? बघ आतून."

"माझा भाऊ आहे तो, कोणी परका नाही," आई फणकारली.

मामा हसला, पण त्याचे हसू ओठांच्या आत गेले नाही. "दाजी, मी पोरीला फसवीन होय?"

"मी तसं कुठे म्हटलं? वाकून बघायला काय लागतं?"

"बाबा, पुरे ना! मामा आहे तो," भाची लाजून म्हणाली. आरसा पर्समध्येच राहिला.

मित्रांनो, मी मनातल्या मनात किती आक्रोश केला! पोरी, माझ्यावर संशय घे. एकदाच वाक. पण नात्यातल्या माणसाची वस्तू तपासणे म्हणजे त्याचा अपमान, असे त्या घराने ठरवून टाकले होते.

आम्ही तिच्या गाडीला लागलो. गाडी मोठी रुबाबदार दिसू लागली. पूर्ण वळवली की मात्र आत काहीतरी घासल्याचा आवाज यायचा. बाबा लगेच म्हणाले, "बघ, मेहुण्यांनी काहीतरी गळ्यात मारलंय." गॅरेजवाल्याने पाहिले, तर चाक मोठे म्हणून चाकावरच्या कमानीच्या आतल्या प्लॅस्टिकला टेकत होते. त्याने ते प्लॅस्टिक मागे सरकवले आणि आवाज थांबला. बाबा तोंडघशी पडले. त्यांचा संशय खरा होता, पण जागा चुकली होती. त्यानंतर घरात त्यांचे कोणी ऐकेना. माझ्या भेगा मात्र प्रत्येक फेरीला थोड्या थोड्या उघडत होत्या.

मग शहराबाहेर नवा रुंद रस्ता सुरू झाला. तिथे गाडी मोकळी सोडायची, असे भाचीने ठरवले. ती एकटीच निघाली होती. फोनवर हे कळताच मामा धावत आला. "मी पण येतो."

"तुमची पाठ दुखते ना?" बाबांनी विचारले.

"आज बरी आहे."

बाबांनी त्याच्याकडे नीट बघितले आणि ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

नव्या रस्त्यावर तिने वेग वाढवला. मी तापलो. रबराला आतून धरून ठेवणारा एक दोरा तुटला, तो मला स्पष्ट जाणवला. मला भीती वाटली, अगदी खरी भीती.

"हळू चालव गं," मामा म्हणाला.

"मामा, तूच म्हणालास ना, नव्यासारखे आहेत?"

"तरी पण... हळू." त्याने वरची कडी घट्ट धरली होती आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत होता.

मागून बाबांनी ते पाहिले. आयुष्यभर वेगाने गाडी पळवलेला माणूस आपणच दिलेल्या चाकांवर बसून घाबरतो कशाला? त्यांचा आवाज एकदम चढला. "बाळा, वेग कमी कर आणि गाडी बाजूला घे. आत्ता!"

गाडी थांबली. भाची चिडूनच उतरली. बाबा म्हणाले, "आता तरी आरसा काढ." तिने आरसा काढला, गुडघे टेकले आणि एकेका चाकाच्या आत धरला. माझ्यापाशी आल्यावर तिचा आरसा तिथेच थांबला. माझ्या भेगांतून दोरे दिसत होते.

"मामा, तुला माहीत होतं?"

मामा रस्त्याकडे बघत राहिला. "इतक्या नव्हत्या तेव्हा. वाटलं, तू गावातल्या गावातच चालवशील."

"मग आज गाडीत कशाला बसलास?"

"तू एकटी निघाली होतीस ना."

आता बाबा ऐकवणार, असे मला वाटले. तसा त्यांना हक्क होता. पण ते मामाशेजारी कठड्यावर बसले आणि एवढेच म्हणाले, "मेहुणे, मरायला तयार झालात, पण सांगायला नाही?"

मामा ओक्साबोक्शी रडला.

आम्हा चौघांनाही काढले. टायरवाला म्हणाला, "याला अजून गिऱ्हाईक मिळेल, नक्षी छान आहे." मामाने नकारार्थी मान हलवली आणि मला आपल्यासमोर कापून घेतले. मला वाईट वाटले नाही. मी आता कोणालाच विकला जाणार नाही.

मित्रांनो, दुकानामागे दोन तुकडे होऊन पडलेल्या या टायरचे तुमच्याकडे एक मागणे आहे. आपल्या माणसाने दिलेली वस्तूही वाकून, आतून बघा. तो रागावेल, मग त्याचा राग निवळेल. आणि देणारे तुम्ही असाल, तर समोरच्याने वाकण्याची वाट पाहू नका. स्वतःच चाक उलटे करून दाखवा.