विल्फसाठी वाजवलेला पील

"घंटेचा एक ठोका चुकू दे, मला झोपेतसुद्धा कळतं!" क्लेमंट थॅकरेने पबमध्ये छाती ठोकून सांगितलं. चर्चच्या घंटावाल्यांचा तो म्होरक्या. चाळीस वर्षं दोर ओढून त्याचे कान किती शिल्लक होते, हे त्याच्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बाकीचं इंग्लंड कशालाही 'पील' म्हणतं. ढग गडगडले, पील. बायका खदखदून हसल्या, पील. लग्नात दहा मिनिटं घंटा वाजल्या, तोही पीलच. घंटावाल्यांचा पील मात्र एकच: पाच हजार फेरे, सलग तीन तास, आणि म्होरक्याखेरीज कुणी ब्र काढायचा नाही. बोललात की पील बाद.

असाच एक पील बावीस वर्षांपूर्वी बुडाला होता. चूक क्लेमंटची, खापर फोडलं जिवलग विल्फ ऑग्डेनवर. विल्फने दोर सोडला आणि बोलणंही टाकलं. आता विल्फचं काळीज थकलं होतं. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत दिली होती. त्याच्यासाठी पील वाजवायचा आणि मग दारात जाऊन माफी मागायची, असं क्लेमंटने ठरवलं.

शनिवारी दुपारी दोर हलले आणि शेजारच्या दोरावरच्या डोरीनचे डोळेच विस्फारले. गुरुवारच्या दफनासाठी, आवाज दबावा म्हणून घंटांच्या लोळ्यांना एका बाजूने बांधलेल्या चामड्याच्या गाद्या तशाच होत्या! एक ठोका खणखणीत, दुसरा मेलेला. क्लेमंट सोडून बाकी पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं, ओठ आवळले, आणि तीन तास घाम गाळला.

"काय गोड झाला रे!" क्लेमंट म्हणाला.

"गोड?" डोरीन उसळली. "मढ्याचा वाजवलास, क्लेम! गाद्या कुणी काढायच्या होत्या?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर विल्फसारखं मलाही बावीस वर्षं बोल लावला असतास!"

क्लेमंट जिना उतरला आणि थेट विल्फच्या घराकडे निघाला.

विल्फच्या पायरीवर फुलं होती, शेजाऱ्यांनी भाजून आणलेले तीन ॲपल पाय होते. दारात त्याची बायको ईडी.

"विल्फ गेला समजून आणून ठेवलंय लोकांनी," ती म्हणाली. "आणि विल्फला वाटलं, तूच गेलास. इतका वेळ वाजवतायत म्हणजे म्होरक्याच असणार, म्हणाला. रडला रे. 'मीच जास्त ताणलं,' म्हणत तुझ्या बायकोला भेटायला निघालाय."

क्लेमंट धापा टाकत घरी पोचला. त्याच्या दारातल्या शेवाळावरून पाय घसरून विल्फचा खुबा मोडला होता. ॲम्ब्युलन्स पाच मिनिटांपूर्वीच गेली होती.