ब्युटीचा कौल

राजाभाऊंनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, तेव्हा वासंतीला वाटलं, आता आपण या भल्या माणसाच्या अंगणात ओरडणार.

"देवाने डावा दिला हो वहिनी. आमच्या हातात काय आहे?"

डावा कौल म्हणजे नाही. मूर्तीला लावलेली पाकळी डावीकडून पडली की विषय संपला. लग्नासाठी, विहिरीसाठी, हरवलेल्या म्हशीसाठी कौल लावतात हे रत्नागिरीत सून होऊन आल्यापासून तिला ठाऊक होतं. पण पामेरियन कुत्री कोणाच्या घरी द्यायची हेही देवाला विचारायचं? यावर बी.एस्सी. झालेल्या बाईने बोलायचं तरी काय?

ही सगळी यातायात तिच्या लेकीसाठी, चिमासाठी चालली होती. बालवाडीच्या वाटेवर एक गावठी कुत्रं तिच्या अंगावर धावून आलं. चावलं नाही, पण त्या दिवसापासून पोर फाटकाबाहेर पाऊल टाकेना. घरात एखादं लहानसं, गरीब स्वभावाचं कुत्रं आलं तर भीती जाईल असं वासंतीने मनाशी ठरवलं, आणि त्याच ठरवण्याने तिची झोप उडाली. ते कुत्रं खात्रीचंच हवं. त्याला इंजेक्शनं दिलेली हवीत. एकदा जरी दात लागला तर पोटातली चौदा इंजेक्शनं तर आहेतच, पण पोर जन्मभर घराबाहेर पडायची नाही.

आणि खात्रीचं म्हणून मिळत काय होतं? मिरकरवाड्याच्या धोंडूने मासळीच्या टोपलीतून आणलेलं पिल्लू अंगभर टाल्कम पावडर लावून पांढरं केलेलं निघालं. वर तो म्हणाला की मुंबईत असलीच जात चालते. नवऱ्याच्या कचेरीतले एक गृहस्थ दर आठवड्याला "मेव्हण्याला सांगून ठेवलंय" म्हणत, आणि तो मेव्हणा कोण, कुठला, याचा काही पत्ता लागत नसे.

अशात कोणीतरी राजाभाऊंच्या प्राणिमित्र मंडळाचं नाव सांगितलं. बदली होऊन आलेले साहेबलोक हौसेने जातिवंत कुत्री पाळतात आणि पुढची बदली आली की मागे टाकून जातात. अशी कुत्री राजाभाऊ आणि त्यांची बायको सांभाळत आणि त्यांना घरं शोधून देत. वासंती चिमाला घेऊन गेली. ती पामेरियन, ब्युटी, कापसाच्या गोळ्यासारखी ओटीवर बसली होती. दाखला मागताच राजाभाऊंनी जनावरांच्या डॉक्टरांची सही असलेला कागद पुढे केला. वासंतीचा जीव अर्धा भांड्यात पडला. मग त्यांनी चहा दिला, घरात माणसं किती, दुपारी कोण असतं, जिना आहे का, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "आता कौल लावून सांगतो."

त्यानंतर हा डावा.

बाकी कशावर नसला तरी तिचा स्वतः करून घेतलेल्या खात्रीवर विश्वास होता. तिने सरळ देऊळ गाठलं आणि भागोजी गुरवाला विचारलं की राजाभाऊंचा कौल कधी लागला होता.

भागोजी तिच्याकडे बघतच राहिला. "वयनी, कुत्र्याचा कौल कुनी लावतंय काय? हितं मानसांचीच गाऱ्हानी सरत नाय."

म्हणजे देवाच्या नावावर थाप! तिथून ती तडक राजाभाऊंच्या अंगणात आली. तुम्ही आणि तो धोंडू सारखेच, असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं. तो पावडर लावतो आणि तुम्ही देव लावता. राजाभाऊ रागावले नाहीत. घरातून बायकोचं हसू ऐकू आलं, तेव्हा मात्र ते ओशाळले.

मग त्यांनी खरं सांगून टाकलं. गेल्या साली एका बागायतदाराला त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं, कारण तो एवढंसं कुत्रं आंब्यांच्या राखणीला बांधून ठेवणार होता. तेव्हापासून दोन्ही घरांचं हळदीकुंकू बंद पडलं. गाव एवढंसं, ज्याला त्याला नाही म्हणून जगायचं कसं? देवाने नाही म्हटलं की कोणी भांडत नाही.

"आणि आमच्यात काय खोट दिसली?"

"तुमच्यात नाही, ब्युटीत. ती मोठ्यांशी छान असते, पण लहान मुलांचा हात जवळ आला की दात दाखवते. आम्ही दिलेल्या पहिल्या घरून त्यापायीच परत आली. ते गावभर झालं तर तिला कोण घेणार?"

वासंती पायरीवर बसली. चिमाचा हात त्या कापसाच्या गोळ्याकडे जाताना तिच्या डोळ्यांसमोर आला. हायसं वाटावं तर संतापच जास्त आला. एवढी एक गोष्ट सांगायला तीन खेपा आणि एक देव लागावा?

"पुढच्या वेळी मला सरळ सांगा," ती म्हणाली.

"रागवाल."

"रागवेन. पण परत येईन."

राजाभाऊंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग आताच सांगतो. तुमच्या घरी इतक्यात कुठलंच कुत्रं देणार नाही मी. त्या दिवशी ब्युटी नुसती उठून उभी राहिली, तर मुलगी टुकूटुकू बघत होती. तुम्हीच तिचं मनगट असं आवळलंत की ती कळवळली आणि पदराआड गेली. ओटीखाली आमची म्हातारी काळी कुत्री पडलेली असते. तिला दिसत नाही, दातही उरले नाहीत. रविवारी मुलीला घेऊन या, नुसती बसू दे तिच्याजवळ."

वासंती ताडकन उठली. माझी मुलगी सांभाळायला मला शिकवणारे हे कोण, असं वाटेभर मनात घोळत राहिलं. घरी तिने भांडी आपटली. नवऱ्याने काय झालं विचारलं तर त्यालाही फटकारलं. चिमाच्या मनगटाकडे मात्र तिने दोनदा पाहिलं.

रविवारी ती चिमाला कडेवर घेऊनच गेली, कारण चालत यायला पोर तयार नव्हतं. राजाभाऊंच्या फाटकाशी तिला खाली उतरवलं. ओटीखाली म्हातारी कुत्री झोपली होती. चिमाने आईचं बोट पकडलं आणि वासंतीचा हात नेहमीसारखा तिच्या मनगटाकडे निघाला.

तो तिने मागे घेतला. अजून डोक्यात राग होताच. चिमाने दोन पावलं टाकली, वळून आईकडे पाहिलं, आणि आईने काही म्हटलं नाही म्हणून आणखी एक टाकलं.

"ती झोपलीय का गं?" चिमाने हळूच विचारलं.

"बघ जाऊन," वासंती म्हणाली. ती स्वतः फाटकाशीच थांबली.